पान फुटलं म्हणजे काडी जगली नव्हे

अध्यक्ष महाशय आणि मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय, 'द्राक्षाची काडी घरी रुजवणे'. त्यावर येतोच. आधी माझी एक तक्रार ऐका. मागच्या रांगेतल्यांनी ती पूर्वी ऐकली आहे, त्यांनी खुशाल डुलकी काढावी.

गेल्या वर्षी जत्रेतून आमच्या वहिनींनी द्राक्षाचं रोप आणलं. काळी पिशवी, तीन टवटवीत पानं, वर चिठ्ठी: 'काळी, बिनबियांची'. विकणारा म्हणाला होता, ''पुढच्या चवथीला माटोळीला घरचा घड बांधाल!'' चवथीला! भाद्रपदात, गोव्याच्या पावसात, द्राक्षं! माटोळीला, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या चौकटीला, माणूस रानातलं काय काय बांधतो, पण हे म्हणजे फारच झालं.

मी पिशवी ब्लेडने उभी चिरली. माती गळून पडली आणि हातात राहिली नुसती काडी. मूळ म्हणून एक तंतू नाही. बुडाशी पांढुरकी, खडबडीत गाठ तेवढी धरलेली. वहिनी म्हणाल्या, ''पण भाऊजी, पानं आहेत ना!''

सगळी फसगत तिथेच आहे. काडीत गेल्या हंगामातला पिष्टमय साठा असतो, डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, फुटतो तो त्यावर. मुळं मागाहून येतात, कधी येतच नाहीत. पान मात्र पहिल्या दिवसापासून पाणी उडवत असतं. साठा संपला की ते माना टाकतं. मग आपण पाणी ओततो, मग खत घालतो आणि उरलीसुरली काडी कुजवतो. विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. तो पान फुटल्या फुटल्या विकतो.

दुसरी खोड आपली, गोवेकरांची. जून लागला की दिसेल ती फांदी रोवायची. मिरीला ते मानवतं, जास्वंदीला मानवतं. द्राक्षाच्या काडीला त्या पावसात बुरशी गाठते. तिची वेळ ऑक्टोबर, नाशिक-सांगलीकडे फळछाटणी होते तेव्हाची. आपल्याकडे वेल थंडीत झोपत नाही, म्हणून तिला कात्रीनेच जागं करावं लागतं, वर्षातून दोनदा... बरं, अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं. भजी निवताहेत म्हणे.

तर भराभर सांगतो. काडी पेन्सिलीएवढी जाड, तपकिरी, पिकलेली घ्या, हिरवी नको. तीन-चार डोळे ठेवा. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, सरळ. वरचा डोळ्याच्या थोडा वर, तिरका, म्हणजे काडी उलटी रोवली जात नाही. आयबीएची, म्हणजे मुळं फुटवणाऱ्या संजीवकाची, पूड मिळाली तर बुडाला लावा, नाही मिळाली तरी द्राक्ष रुजतं. पिशवीत निम्मी रेती, निम्मा नारळाच्या सोडणांचा भुसा. दोन डोळे आत. सावली. ओल हवी, चिखल नको. आणि उपटून बघायचं नाही! पिशवीच्या भोकातून मूळ डोकावेपर्यंत जागा बदलू नका.

नाशिककडे डॉगरिज या काटक द्राक्षजातीच्या खुंटावर कलम भरतात, कारण तिथे पाणी कमी आणि जमीन क्षाराची. खाजनाजवळ, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीजवळ, नसाल तर स्वतःच्या मुळांवरची वेल पुरे. जात बंगलोर ब्लू घ्या. साल जाड, बिया आहेत, पण करपा रोगाला सहसा दाद देत नाही. केवडा हा बुरशीरोग तिलाही येतो, पावसात पानांवर लक्ष ठेवा.

बाकीचे प्रश्न भज्यांबरोबर. काड्या दाराशी ओल्या गोणपाटात ठेवल्यात. घरटी दोनच घ्या, आणि डोळे वर आहेत ना ते बघून न्या.