न सोडलेली खोकी

(ठाण्यात संध्याकाळच्या उपासनेनंतर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, फळ्यावर विषय लिहिलाय ‘सार्वकालिक जीवन डोळ्यांसमोर ठेवून जगणं’. मला बोलायचंय खोक्यांबद्दल.

आमची नौपाड्यातली इमारत पुनर्विकासाला गेली, तेव्हा आम्ही घोडबंदर रोडला कासारवडवलीत भाड्याने राहायला गेलो. करारात 30 महिने होते. पुढचं इथे बसलेल्या निम्म्या लोकांना सांगायला नको. पावणेपाच वर्षं लागली. पहिलं वर्षभर आमची अकरा खोकी हॉलमध्ये तशीच. वर मार्करने ‘काचेचं, जपून’. पाहुणे आले की त्यांच्यावरच चहाचा ट्रे. बायको म्हणायची, “सोडायची कशाला? परत बांधायचीच आहेत.” खिळा ठोकायचा नाही, असं घरमालकाने बजावलेलं, म्हणून भिंतीवरचं घड्याळ फ्रिजवर टेकवलेलं. शेजारी कोण राहतं, ते वर्षभर माहीत नव्हतं.

आपल्यातल्या पुष्कळ विश्वासणाऱ्यांचं जगणं मला या हॉलसारखं वाटतं. मी त्यात आलोच. ‘आपण इथे परदेशी आणि प्रवासी आहोत’ हे लहानपणापासून ऐकलंय. बायबलमधल्या पत्रात पेत्राने लिहिलंय, खरंच आहे. पण अर्थ आपण सोयीचा काढला: हे घर आपलं थोडंच आहे, नळ गळतोय तर गळू दे.

बाबेलला (बॅबिलोनला) धरून नेलेल्या यहुद्यांना यिर्मया संदेष्ट्याने पत्र पाठवलं, त्याच्या ग्रंथाचा 29वा अध्याय काढून बघा. आदल्याच अध्यायात हनन्या नावाच्या संदेष्ट्याने लोकांना दोन वर्षांत परतण्याचा वायदा केलाय. (आमच्या बिल्डरची आठवण होते.) यिर्मयाने आकडा सांगितला 70. म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांचं मरण बाबेलातच ठरलेलं. मग करायचं काय? तर घरं बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्नं लावा. आणि ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. ज्यांनी मंदिर लुटलं त्यांच्या शहरासाठी! ऐकणाऱ्याला ते किती झोंबलं असेल.

कोणी म्हणेल, ही जुन्या करारातली गोष्ट. त्या लोकांना परत यरुशलेमला जायचं होतं, आपल्याला स्वर्गात. ठीक, मग नव्या करारातल्या पौलाकडे या. करिंथकरांस पहिलं पत्र, 15वा अध्याय. पुनरुत्थानावर 58 वचनं. शेवटाकडे कर्णा वाजतो, मरणाला विचारलं जातं की बाबा, तुझी नांगी कुठे गेली? अंत्यविधीला आपण हेच वाचतो आणि पुस्तक मिटतो. मिटू नका. अध्यायांचे आकडे तेराव्या शतकात पडले, पौलाच्या पत्रात तिथे खंड नव्हता. करिंथच्या ख्रिस्ती मंडळीने कर्णा ऐकला आणि लगेच पुढचं ऐकलं: आता वर्गणीविषयी. यरुशलेमातल्या गरिबांसाठी प्रत्येकाने दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी, जसं मिळेल तसं, थोडं बाजूला काढून ठेवा. मरण हरलं, तेव्हा पैसे काढा! मला या उडीचं फार नवल वाटायचं. आता वाटतं, ही उडी नाहीच. दोन्हींच्या मध्ये एकच वचन आहे: प्रभूमध्ये तुमचे श्रम व्यर्थ नाहीत. ज्याला हे पटलं त्याचा हात खिशात जातो.

आपल्या ठाण्याचंच एक सांगतो. 1321 च्या एप्रिलमध्ये इथे चार फ्रान्सिस्कन धर्मबंधू मारले गेले. निघाले होते चीनला, जहाजाने आणून सोडलं ठाण्याला. इथल्या एका ख्रिस्ती कुटुंबाकडे उतरले होते. पुढे ओदोरिक नावाच्या बंधूने त्यांच्या अस्थी चीनपर्यंत नेल्या. चीनला पोचले, पण असे. आणि आज त्यांचं नाव निघतं ते ठाण्याच्या नावासकट.

असो, खोक्यांकडे येतो. आमच्या घरात एकच माणूस असं होतं ज्याने पहिल्याच आठवड्यात आपलं सगळं सामान लावलं. आई, वय 79. रंगाच्या रिकाम्या डब्याला भोकं पाडून तिने जांभळी नाक्यावरून आणलेलं कढीपत्त्याचं रोप लावलं. बायको म्हणाली, “आई, आपण जाईपर्यंत हे वीतभर तरी होईल का?” आई म्हणाली, “आपण गेल्यावर इथली फोडणी बंद होणार आहे का?” समोरच्या वहिनींशी आमची ओळख झाली ती या कढीपत्त्यामुळे.

तिची एक पिशवी मात्र कायम बांधलेली असायची, कपाटात खालच्या कप्प्यात. चौथ्या वर्षी ती गेली, नवं घर न बघता, तेव्हा आम्ही पिशवी उघडली. पांढरी साडी, शवपेटीसाठी पाकिटात पैसे, आणि वहीच्या पानावर गीतांचे क्रमांक, कोणतं घरी आणि कोणतं कबरीपाशी म्हणायचं ते. त्याखाली वेगळ्या पेनाने, बहुधा नंतर कधीतरी लिहिलेलं: ‘समोरच्या वहिनींचा डबा आपल्याकडे आहे. द्यायचा. रिकामा देऊ नये.’

बायकोने रव्याचे लाडू केले.