चेंडूवरून नजर काढा

(एका वाचनालयाच्या श्रावणातल्या व्याख्यानमालेत शनिवारी संध्याकाळी झालेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. अध्यक्षमहाराज, वाचनालयाची कार्यकर्ते मंडळी आणि समोर बसलेले सगळे. पहिल्या तीन रांगांत पांढरे केस दिसतायत आणि शेवटच्या चार रांगांत लाल जर्सी. म्हणजे पुढचे व्याख्यानाला आलेत, मागचे फुटबॉलला. मधले बहुधा पाऊस वाढला म्हणून आत आलेत. (हशा) त्यांचंही स्वागत, छत्र्या तेवढ्या बाहेर ठेवा.

हात वर करा बघू. आधी इंग्लंडच्या लीगमधले क्लब. आर्सेनलवाले? बरेच आहात. मँचेस्टर युनायटेड? अजून आहात? २०१३नंतर लीग नाही, तरी हात कसे ताठ! वारकरी परवडले, त्यांना निदान वर्षातून एकदा विठोबा भेटतो. (हशा) लिव्हरपूल? चेल्सी? आणि आता आपला क्लब, मुंबई सिटी. एक, दोन, तीन, चार. त्यातला एक माझा भाचा, त्याला मी रिक्षानं आणलाय.

पत्रिकेत माझा विषय छापलाय ‘संघनिवड कशी वाचावी’. भारदस्त वाटतो. पन्नास मिनिटं दिली आहेत. मला हेही ठाऊक आहे की साडेसातला मॅच आहे आणि साडेसहाच्या सुमाराला लाइनअप, म्हणजे खेळणाऱ्या अकरा जणांची यादी, येईल. तेव्हा या सभागृहातल्या निम्म्या माना खाली जातील. तोवर मी मुद्द्यावर येतो.

हा विषय माझ्या डोक्यात कुठून आला ते आधी सांगतो. आमच्या सोसायटीचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. नियम असा की त्यावर फक्त सोसायटीची कामं. पण आमचे चेअरमन युनायटेडचे आणि सेक्रेटरी आर्सेनलचे, त्यामुळे तो नियम पहिल्याच आठवड्यात वारला. मागच्या मोसमातल्या एका शनिवारी संध्याकाळी सव्वासहाला सेक्रेटरींनी निरोप टाकला: उद्या टाकी साफ करणार, सकाळी नऊ ते एक पाणी बंद. साडेसहाला लाइनअप आली. त्यानंतर दोनशे बारा मेसेज, मी मोजलेत. ‘याला बाहेर बसवलाच कसा?’, ‘कोचचं डोकं फिरलंय’, ‘तो पोरगा परवा किती भंकस खेळला ते पाहिलं नाही का?’ मग चेअरमननी १९९९ काढलं. युनायटेडवाले अडचणीत आले की १९९९ काढतात. बार्सिलोनात चॅम्पियन्स लीगची फायनल, भरपाई वेळेत दोन गोल, शेरिंगहॅम आणि सोलशेअर. मग सेक्रेटरींनी २००३-०४चा लीगमध्ये अख्खा मोसम न हरलेला आर्सेनल काढला. रात्री एक वाजेपर्यंत हे. पाण्याचा निरोप तळाला गेला.

रविवारी सकाळी सव्वानऊ. मी बाथरूममध्ये. डोक्याला शँपू, अंगाला साबण, आणि नळातून नुसता फुस्स आवाज. माझी बायको बाहेरून म्हणते, ‘ग्रुपवर असेल की काहीतरी.’ मी टॉवेल गुंडाळला, बादली घेतली आणि चौथ्या मजल्यावर गेलो, कारण तिथल्या पोराकडे जादा पिंप भरलेलं असतं. दार उघडलं. मी त्या अवतारात. त्यानं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, ‘काका, बरं झालं आलात. तुम्हीच सांगा, डावीकडे कुणाला खेळवायला हवं होतं?’ (मोठा हशा)

माझ्या डोळ्यांत शँपू. तरी मी विचारलं, ‘मॅच किती पाहिलीस रे?’ तो म्हणाला, ‘हायलाइट्स पाहिले. नऊ मिनिटांचे.’

मंडळी, मी बादली घेऊन परत आलो ती हा विषय घेऊनच. नऊ मिनिटं पाहून माणूस डाव्या बॅकला, म्हणजे डाव्या बाजूच्या बचावपटूला, गाडतो! आणि हा पोरगा मूर्ख नाही बरं का, चांगला सीए आहे. लोकांचे ताळेबंद तपासताना प्रत्येक व्हाउचर मागतो.

आता मला पंचेचाळीस वर्षं मागं जाऊ द्या. आम्ही गिरगावात राहायचो. माझे थोरले काका एका मिलच्या ऑफिसात होते आणि त्यांना फुटबॉलचं वेड. चाळीत सगळे गावसकर, गावसकर करत असताना हा माणूस कूपरेजला जायचा. कूपर म्हणजे लाकडी पिंपं बांधणारा. तशा कारागिरांचं काम तिथं चालायचं म्हणून कूपरेज. गिरगावातून आम्ही चालत जायचो, चर्नी रोडवरून मरिन लाइन्स, मग ओव्हलच्या कडेनं. मुंबईचा स्वतःचा असा रोव्हर्स कप होता, १८९१ साली सुरू झालेला. सुरुवातीची कित्येक वर्षं गोऱ्या पलटणीच आपसांत खेळून कप नेत. नंतर हैदराबाद सिटी पोलीस आले, त्यांनी १९५० ते १९५४ सलग पाच वर्षं नेला. काका ही पाच वर्षं अशी सांगायचे की जणू स्वतः हैदराबादच्या पोलिसात हवालदार होते. आता तो कप नाही. गेला तेव्हा कुणी श्रद्धांजली सभासुद्धा घेतली नाही.

आणि तेव्हा भांडणं होती ती घरची होती. संघ कंपन्यांचे: ऑर्के मिल्स, मफतलाल, टाटा, आरसीएफ, एअर इंडिया, महिंद्रा. ज्याचा भाऊ टाटात तो टाटाकडून ओरडायचा. शिवी दिली तर ती ऐकणारा माणूस सोमवारी लोकलच्या त्याच डब्यात भेटायचा, त्यामुळे शिवीलाही एक मोजमाप होतं. महिंद्रानं २००५-०६ला राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१०मध्ये संघ बंद झाला. मुंबई एफसी २०१७मध्ये गेला. घरचं भांडण संपलं म्हणून आपण मँचेस्टर आणि लंडनचं उसनं आणलं. माझी त्याबद्दल तक्रार नाही, क्रिकेटही उसनंच होतं. पण मी काकांकडे परत येतो.

मी असेन दहा-अकरा वर्षांचा. पायऱ्यांवर बसलेलो, हातात चण्याची पुडी. काका म्हणाले, ‘आता दहा मिनिटं चेंडूकडे पाहायचं नाही. तो डावा बॅक दिसतोय ना, मोजे खाली उतरलेला? फक्त त्याच्याकडे बघ.’ मुलाला फुटबॉलच्या मैदानावर नेऊन चेंडू बघू नकोस म्हणणं म्हणजे लग्नाला नेऊन जेवू नकोस म्हणण्यासारखं आहे. पण काकांचा दरारा. पाहिलं.

तो बॅक कंपनीतला नोकरदार होता, दुपारपर्यंत ऑफिस आणि मग मैदान. चेंडू पलीकडच्या टोकाला असला की हा दहा-बारा पावलं आत सरकायचा. डोकं सारखं मागं वळवायचा, रस्ता ओलांडणाऱ्या आजीसारखं. पुढच्या हाफला, म्हणजे मधल्या फळीतल्या खेळाडूला, हातानं खूण करायचा, इकडे ये, अजून इकडे. समोरचा विंगर, म्हणजे कडेनं चढाई करणारा, जरा हलला की हा दोन पावलं आधीच तिथं. चेंडूवाला मान वर करून त्या बाजूला बघायचा, जागा भरलेली दिसायची, आणि मग चेंडू दुसरीकडे द्यायचा. असं चार-पाच वेळा झालं. बॅकच्या पायाला चेंडू एकदाही लागला नव्हता.

तेवढ्यात मैदान उसळलं. गोल! सगळे उभे. मी चणे सांडले. गोल कुणी केला, कसा केला, काही पाहिलं नाही, कारण मी त्या मोजेवाल्याकडे बघत होतो. मला रडूच आलं. काका शांतपणे चणे वेचत म्हणाले, ‘गोल उद्या पेपरात येईल. हा येणार नाही.’

आणि खरोखरच आला नाही. वर पुढच्या सामन्यात त्याला वगळलं. पेपरात एका ओळीत: डाव्या बाजूला बदल करण्यात आला. काकांनी संपादकांना पत्र लिहिलं, दोन पानी, आकृतीसकट. छापलं नाही. काकांनी तो पेपर बंद केला, म्हणजे अख्ख्या घराचा बंद केला. आजीचं भविष्य बुडालं. तीन महिने घरात त्या डाव्या बॅकच्या नावानं आजी बोटं मोडत होती. (हशा) तिला बॅक म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं.

यावरून २०१८ आठवलं. १ जून, अंधेरी, आझाद नगर मेट्रोच्या पुढ्यातलं आपलं स्टेडियम. भारत विरुद्ध चायनीज तैपेई. प्रेक्षक २,५६९. भारत पाच-शून्य जिंकला, सुनील छेत्रीची हॅट्‌ट्रिक. मी होतो तिथं. आणि गंमत अशी की आजवर मला भेटलेले निम्मे मुंबईकर त्या २,५६९मध्ये होते. (हशा) दुसऱ्या दिवशी छेत्रीनं व्हिडिओ टाकून हात जोडले: या, मैदानात या, टीका करा, तोंडावर शिव्या द्या, पण या. ४ जूनला केनियाविरुद्धच्या सामन्याची, छेत्रीच्या शंभराव्या सामन्याची, सगळी तिकिटं संपली. भर पावसात लोक आले. आणि मंडळी, पहिल्या सामन्याला हजर असलेल्या मला दुसऱ्याचं तिकीट मिळालं नाही. मी घरी टीव्हीसमोर.

पण त्या दोन सामन्यांनी मला जे दाखवलं ते लाख मोलाचं. रिकाम्या स्टेडियममध्ये गोली काय ओरडतोय ते ऐकू येत होतं. कुणाला पुढं ढकलतोय, कुणाला मागं खेचतोय, बॅकची ओळ दोरीनं बांधल्यासारखी कशी सरकतेय, सगळं समोर. तीन दिवसांनी टीव्हीवर तीच माणसं, आणि मला दिसतोय फक्त चेंडू आणि त्याच्या आसपासचे सहा-सात जण. गोली तर भारताच्या कॉर्नरला शहर सोडून गेल्यासारखा.

ही चिठ्ठी आली. ‘दहा मिनिटे.’ अध्यक्षमहाराज, अजून संघनिवडीला हात लागला नाहीये. ठीक आहे, भराभर सांगतो.

हिशेब सोपा आहे. नव्वद मिनिटांच्या सामन्यात फाउल, थ्रो, कुंथणं, लोळणं वजा करता चेंडू खेळात असतो तासाभराच्या आतबाहेर. मैदानात माणसं बावीस. साठ भागिले बावीस: पावणेतीन मिनिटं. एका खेळाडूच्या वाट्याला चेंडू येतो तो फार तर एवढाच, कारण हवेत उडण्यात आणि घरंगळण्यातही वेळ जातो. उरलेली सत्त्याऐंशी मिनिटं तो काय करतो? कोच त्याला खेळवतो किंवा बसवतो ते प्रामुख्यानं त्या सत्त्याऐंशीसाठी. आपण भांडतो त्या तिनासाठी. मैदान १०५ मीटर लांब, ६८ रुंद, आणि कॅमेरा चेंडूच्या मागं. जो पास दिलाच गेला नाही, तो अडवल्याची नोंद कुठल्या आकडेवारीत येणार?

दुसरं. कोच अकरा नावं लिहीत नाही, जोड्या लावतो. डावा बॅक कोण, हे त्याच्या पुढचा विंगर परत येतो की नाही यावर ठरतं. परत न येणारा हिरो पुढं असेल तर मागं न चमकणारा, जागा न सोडणारा माणूस लागतो. आपण म्हणतो, ‘हा मठ्ठ याला कशाला घेतला?’ तो त्या हिरोचं भाडं भरतोय. म्हणून लाइनअप वाचताना नाव एकेकटं वाचू नका, शेजाऱ्यासकट वाचा.

तिसरं, भारताचे कोच सय्यद अब्दुल रहीम. १९६२, जकार्ता, एशियाड. जर्नेल सिंग म्हणजे बचावाचा खांब. डोक्याला दुखापत, टाके पडलेले. रहीमसाहेबांनी त्याला सेंटर फॉरवर्ड केलं, म्हणजे गोल करायला पुढं धाडलं. तेव्हा व्हॉट्सअॅप असतं तर रहीमसाहेबांचा पुतळा जाळला असता. जर्नेलनं उपांत्य सामन्यात गोल केला, अंतिम सामन्यातही केला, कोरियाला २-१ हरवून सुवर्णपदक. त्या संघात हाफ होता फॉर्च्युनाटो फ्रँको, आपल्या मुंबईत टाटांकडून खेळणारा. या सभागृहात त्याचं नाव किती जणांना माहीत होतं? तेच ते. हाफ पेपरात येत नाही.

चौथं आणि शेवटचं. राहुल भेके. आपला मुंबईचा पोरगा, बचावपटू. २०१९ची आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीगची फायनल अंधेरीतच झाली, गोवा विरुद्ध बंगळुरू. ११७व्या मिनिटाला कॉर्नरवर भेकेचं हेडर, बंगळुरू विजेते. घरच्या मैदानावर, पण दुसऱ्याच्या जर्सीत. पुढं तो मुंबई सिटीकडे आला. २०२४च्या १५ एप्रिलला कोलकात्यात मोहन बागाननं आपल्याला २-१ हरवून लीग शील्ड, म्हणजे साखळीत पहिलं येण्याची ढाल, नेली, आणि एकोणीस दिवसांनी त्याच मैदानावर फायनलमध्ये आपण त्यांना ३-१ हरवून कप आणला, कप्तान भेके. हायलाइट्समध्ये परेरा डियाझ, बिपीन आणि व्होइटस यांचे गोल दिसतील. ज्याला हौस आहे त्यानं तो सामना पूर्ण लावावा, दहा मिनिटं फक्त भेकेकडे बघावं, आणि मला फोन करावा. कॅमेरा फ्रेममध्ये ठेवेल तेवढंच दिसेल हे आधीच सांगतो. बाकीचं बघायला अंधेरीला यावं लागेल. आणि बघा, उसनं भांडण सोडून घरचं हवं असेल तर मोहन बागानएवढं चांगलं...

हो, घंटा ऐकली. पण मागच्या रांगांत काय चाललंय? सगळ्या माना एकदम खाली? आली का लाइनअप? अहो, काय हे... बरं, इकडे आणा तो मोबाइल. चष्मा कुठं गेला माझा. जरा मोठं करा. हां. लेफ्ट बॅक कोण आहे?