रॅम्प प्रेक्षकांसाठी, पायऱ्या नटासाठी

मंडळी, ‘दिव्यांग कलाकारांचा कौतुक सोहळा’ असं बोलावणं आलं की मी आधी मानधन विचारतो. समोरचा चपापतो. आमच्या संघातला अंध नट तर सरळच सांगतो, “शाल नको, पैसे किती देतलास ता आधी सांगा.” नाटकावर पोट भरायचं म्हटलं की शाल-श्रीफळाने भागत नाही.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं आहेत. त्याच्या २९व्या कलमात अपंग कलावंतांना सोयी आणि पाठबळ देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. प्रत्यक्षात काय दिसतं? नाट्यगृहाच्या दारात रॅम्प असतो, आत व्हीलचेअरला जागाही असते. पण विंगेतून रंगमंचावर जायला पायऱ्या, आणि मेकअप रूम वरच्या मजल्यावर. म्हणजे बांधणाऱ्याने अपंग माणूस प्रेक्षक म्हणून धरला, नट म्हणून तो त्याच्या डोक्यातच आला नाही.

आपला दशावतार बघा, कोकणातलं रात्रभर चालणारं लोकनाट्य. देवळासमोरची मोकळी जागा, एक बाकडं. तेच सिंहासन, तेच रथ. लिखित संहिता नाही. आख्यान कुठलं ते ठरतं आणि नट आपापली भाषणं उभ्या उभ्या रचतात. ज्याला वाचता येत नाही तो इथे अडत नाही. पेटी-पखवाज रंगमंचावरच, एका बाजूला. आमचा अंध नट पेटीच्या सुरावरून आपण कुठे आहोत ते ओळखतो. पुढची कड कळावी म्हणून आम्ही जाजमाखाली काथ्याचा सुंभ घालतो. अनवाणी पायाला तो लगेच लागतो, प्रेक्षकांना दिसतही नाही. जाड दोर घातला तर युद्धाच्या प्रवेशात पाय अडखळतो, म्हणून बोटाएवढाच. बहिऱ्या नटीला मात्र सुंभाचा काही उपयोग नाही. तिला लाकडी फळ्या लागतात. पखवाजाची थाप तिच्या तळव्यात उतरते.

तरी दशावताराला डोक्यावर घेऊन नाचायचं कारण नाही. रात्रभर जागरण, पुन्हा पुढच्या गावाला प्रवास. पूर्वी तर पेटारे डोक्यावर घेऊन नट चालत जायचे. त्यात पांगळा माणूस कुठे बसणार होता?

लंडनला १९८०मध्ये ‘ग्रेआय’ ही नाट्यसंस्था सुरू झाली. ती अपंग कलावंतच चालवतात. त्यांच्याकडे सांकेतिक भाषा आणि दृश्याचं वर्णन हे नाटक बसवतानाच ठरतं, वरून चिकटवलं जात नाही. ही गोष्ट उचलण्यासारखी. आपला सूत्रधार निवेदन करतोच. त्यात “राजा डावीकडून आला, मुकुट हातात आहे” एवढं घातलं की अंध प्रेक्षकाला शेजाऱ्याला विचारावं लागत नाही.

इथे एकांकिका स्पर्धा भरवणारे बरेच जण बसलेत. तुमच्या प्रवेशिकेत एक रकाना घाला: ‘कलाकाराला रंगमंचावर कोणती सोय हवी?’ आणि तो तालमीआधी वाचा, प्रयोगाच्या सकाळी नको. त्या वेळी सुतार मिळत नाही.