न उडालेले एअर केरळ

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

लहान विमान कंपन्या का टिकत नाहीत, असा आजचा जाहीर विषय आहे आणि जळगावकरांना तो मुळापासून समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्या जिल्ह्याच्या कन्या, तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते 2012 मध्ये आपल्या विमानतळाचे उद्घाटन झाले, आणि मुंबईच्या नियमित विमानासाठी मात्र डिसेंबर 2017 उजाडावा लागला. त्या विमानाकडे मी येणारच आहे. परंतु टिकण्या-न टिकण्याचा प्रश्न उडालेल्या कंपनीपुढे येतो. जी कंपनी धावपट्टीपर्यंतही पोचली नाही, तिची चौकशी सहसा कोणी करत नाही. म्हणून आधी एअर केरळची, म्हणजे केरळने आखातात जाण्यासाठी काढू पाहिलेल्या विमान कंपनीची, हकीकत सांगतो.

सत्तरच्या दशकात आखातात नोकरीला निघालेला मल्याळी माणूस रेल्वेने मुंबईला येई, व्हिसा हाती पडेपर्यंत एखाद्या लॉजमध्ये दाटीवाटीने राही आणि सांताक्रूझहून विमान पकडी. पुढे तिरुवनंतपुरम आणि कोझिकोडहून थेट सोय झाली, पण भाड्याचे दुखणे राहिले. हा माणूस घरी येतो तो शाळांच्या सुट्टीत, ओणमला किंवा ईदला, आणि नेमक्या त्याच दिवसांत तिकिटांचे दर कडाडतात. चार जणांच्या कुटुंबाच्या येण्याजाण्यात वर्षभराची शिल्लक उडून जाते. या लोकांना हात जोडून बसण्याची सवय नव्हती. सरकारपाशी पैसा नव्हता तेव्हा सुमारे 30 देशांतल्या जवळपास 10,000 अनिवासी भारतीयांनी भांडवल घातले आणि कोचीचा नवा विमानतळ 1999 मध्ये सुरू झाला. विमानतळ उभा करता येतो, तर विमान का नाही, असा विचार तिथे पुढे आला, तर त्यात नवल काय? ओमन चंडी मुख्यमंत्री असताना, 2005 च्या सुमारास, राज्याची स्वतःची आखाती विमान कंपनी काढण्याची योजना मांडली गेली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये तिरुवनंतपुरमहून एअर इंडिया एक्सप्रेस सुरू झाली आणि थोडा दिलासा मिळाला, पण हंगामातली तक्रार काही मिटली नाही.

एअर केरळपाशी प्रवासी होते, मार्ग ठरलेला होता, गावचा विमानतळ होता आणि पैसा घालू शकणारे लोकही होते. आड आला तो एक नियम. भारतीय खासगी कंपनीला परदेशी उड्डाण करायचे असेल, तर तिने आधी पाच वर्षे देशांतर्गत सेवा दिलेली असावी आणि तिच्या ताफ्यात 20 विमाने असावीत, असे 2004 मध्ये ठरले होते. आता याचा अर्थ पाहा. ज्या कंपनीला कोची ते दुबई एवढेच जायचे आहे, तिने आधी पाच वर्षे देशात भल्याभल्या कंपन्यांशी दरयुद्ध खेळायचे आणि 20 विमानांचा संसार उभा करायचा. तेवढे जमले, तर ती लहान कंपनी राहतच नाही. दुसरीकडे, शारजाची एअर अरेबिया 2003 मध्ये सुरू झाली. तिला ही अट लागू नव्हती, कारण परदेशी कंपनी दोन देशांमधल्या हवाई करारानुसार येते. म्हणजे कोचीच्या प्रवाशाला नवख्या परदेशी विमानात बसण्याची मुभा होती आणि नवख्या भारतीय विमानात बसण्याची नव्हती.

नियमाच्या बाजूचे म्हणणेही मी ऐकलेले आहे. नव्या कंपनीने आधी देशाची सेवा करावी आणि आपली आर्थिक ताकद व सुरक्षितता सिद्ध करावी, असे ते म्हणणे. पण सुरक्षिततेची तपासणी नागरी विमान वाहतूक महासंचालनालय करते, आणि ती तपासणी कंपनीच्या वयावर अवलंबून नसते. चंडी 2011 मध्ये पुन्हा मुख्यमंत्री झाले, एअर केरळचा विषय पुन्हा निघाला, सवलत मागितली गेली आणि ती मिळाली नाही. मग टाटांच्या भागीदारीतल्या एअरएशिया इंडिया आणि विस्तारा या कंपन्या उभ्या राहिल्या, त्यांनी ही अट काढण्याची मागणी केली, जुन्या कंपन्यांनी विरोध केला, वाद वर्तमानपत्रांत गाजला आणि जून 2016 च्या धोरणात पाच वर्षांची अट गेली. 20 विमानांची अट मात्र राहिलीच. आखातातल्या कामगारांनी वर्षानुवर्षे मागूनही जे हलले नाही, ते बलाढ्य कंपन्या दारात आल्यावर अर्धे हलले. मला याचा मनापासून संताप येतो.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे, तेव्हा जाहीर विषय आता थोडक्यात मांडतो.

पहिली गोष्ट परवान्याची. वर्तमानपत्रात 'विमान कंपनीला मंजुरी' असे छापून येते, ते बहुधा केंद्राच्या नागरी विमान वाहतूक मंत्रालयाचे ना हरकत प्रमाणपत्र असते. दुबईतल्या उद्योजकांनी पुन्हा काढलेल्या एअर केरळला असे प्रमाणपत्र जुलै 2024 मध्ये मिळाले, आणि या वेळी योजना पंख्यांच्या लहान एटीआर विमानांनी देशातल्याच लहान शहरांना जोडण्याची होती. पण उडण्यासाठी त्यानंतर एअर ऑपरेटर सर्टिफिकेट, म्हणजे एओसी लागते. त्यासाठी नियमपुस्तिका तपासून घ्याव्या लागतात, वैमानिक, केबिन क्रू आणि अभियंते नेमावे लागतात, आणि प्रवाशांविना चाचणी उड्डाणे करून दाखवावी लागतात. चाचणीसाठी विमान हवे आणि विमान ताब्यात आले की भाडे सुरू. तिकीट एकही विकायचे नाही आणि भाडे, पगार, विमा चालूच, अशा अवस्थेत प्रत्येक महिन्याचा उशीर भांडवलातून जातो. लहान कंपनीची बरीचशी पुंजी इथेच संपते.

दुसरी गोष्ट स्लॉटची, म्हणजे विमानतळावर उतरण्या-उडण्यासाठी मिळणाऱ्या ठरावीक वेळेची. अनुदान देऊन लहान शहरे विमानाने जोडणाऱ्या केंद्राच्या उडान योजनेच्या पहिल्या फेरीत, मार्च 2017 मध्ये, 128 मार्ग वाटले गेले. त्यांतले 84 एअर ओडिशा आणि एअर डेक्कन या दोनच कंपन्यांकडे गेले. 23 डिसेंबर 2017 रोजी आपल्या धावपट्टीवरून मुंबईला निघाले, ते एअर डेक्कनचे बीचक्राफ्ट, जेमतेम 18 आसनांचे. मुंबईच्या गर्दीच्या धावपट्टीवर त्या विमानाला लागणारी वेळ मोठ्या विमानाएवढीच, मग सोयीचा स्लॉट त्याला सहज कोण देणार? विमान रद्द झाले, तर त्या जागी उभे करायला दुसरे विमान नव्हते. वर्ष सरता सरता दोन्ही कंपन्यांची कंत्राटे रद्द झाली.

तिसरी गोष्ट इंधनाची, आणि तिच्यावर खरे तर स्वतंत्र व्याख्यान हवे. विमानाचे इंधन अजूनही जीएसटीबाहेर आहे. उडानच्या विमानतळांवर राज्यांनी त्यावरचा व्हॅट 1 टक्क्यावर आणला, 80 पेक्षा कमी आसनांच्या देशांतर्गत विमानांना लँडिंग शुल्कही माफ आहे, आणि या सवलतींचा मोठाच आधार होतो. मात्र उडानचे अनुदान तीन वर्षांचे असते. तेवढ्या काळात व्यापाऱ्यांना आणि रुग्णांना उपयोगी पडेल असे वेळापत्रक बसले नाही, तर मार्ग बंद पडतो.

सध्या आपल्याकडे गोव्याच्या फ्लाय 91 चे एटीआर येते, आणि मोठी विमाने न घेता लहान शहरांपुरतेच काम करणारी ही कंपनी टिकावी, अशी माझी तळमळ आहे. त्यासाठी दोन मागण्या या सभागृहातून आपल्या खासदारांकडे लेखी जाव्यात. एओसीच्या प्रत्येक टप्प्याला मुदत बांधून द्यावी आणि ती टळल्यास कारण लेखी कळवणे बंधनकारक असावे. तसेच मुंबई आणि नवी मुंबईच्या विमानतळांवर 80 पेक्षा कमी आसनांच्या विमानांसाठी सकाळ-संध्याकाळचे काही स्लॉट कायम राखून ठेवावेत. निवेदनाचा मसुदा मी सोबत आणला आहे, सह्यांसाठी तो व्यासपीठाजवळच्या टेबलावर ठेवतो.