तार, चाळ आणि एक पान

(निफाड तालुका. पावसाळी सकाळ. दुपाखी कांदा चाळ, म्हणजे कांदा साठवायची दोन रांगांची, हवेशीर जागा.)

रात्रभर झड लागून राहिली होती. काका बांबूच्या फटीतून कोपरापर्यंत हात ढिगात घालतात. थोडं थांबतात. हात बाहेर काढून बोटांचा वास घेतात. "इथं ऊब धरलीय," म्हणतात, आणि तो कप्पा त्याच दिवशी फोडला जातो.

उन्हाळ कांदा काढायचा, पात सुकवायची, गोल्टी (बारीक कांदा), जोडकांदा आणि डेंगळे (फुलाचा दांडा आलेले कांदे) बाजूला सारून चाळ भरायची, आणि दिवाळीपर्यंत भावाची वाट पाहायची. मधल्या काळात सड, कोंब, घटलेलं वजन. ही गळती थोडी तरी थांबावी म्हणून मी प्रबंधासाठी एक यंत्र बनवलं. साठवणीतल्या कांद्याला साधारण ६५ ते ७० टक्के आर्द्रता मानवते. हवेतली आर्द्रता त्याच्या वर गेली की यंत्राचा भोंगा वाजायचा. नाशिकच्या प्रयोगशाळेत, चार क्रेट कांद्यांवर, यंत्र बिनचूक चाललं.

चाळीत आलं तेव्हा आषाढ होता. बाहेरचीच हवा त्या आकड्याच्या कितीतरी वर. भोंगा सकाळपासून वाजत राहिला. तिसऱ्या दिवशी काकांनी वायर काढून नीट गुंडाळून खुंटीला अडकवली.

(खुंटीवरची वायर, जवळून.)

वस्तू घडवून, ती वापरात उतरवून त्यातून ज्ञान मिळवण्याच्या या पद्धतीला डिझाइन सायन्स रिसर्च म्हणतात. माणसाने घडवलेल्या गोष्टींचंही शास्त्र असतं, हा विचार अमेरिकी अभ्यासक हर्बर्ट सायमन यांनी १९६९ साली मांडला. २००४ मध्ये ॲलन हेव्हनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माहिती प्रणालींच्या संशोधनासाठी सात सूत्रं दिली. त्यातलं एक मला तेव्हा पाठ होतं: घडवलेली वस्तू उपयोगी आहे, हे काटेकोर तपासून दाखवा. पण माझ्या मार्गदर्शक बाईंनी वेगळंच विचारलं. "उद्या यंत्र चाललं, तरी त्यात ज्ञान कुठंय?"

या प्रश्नाने मला पुन्हा काकांच्या हाताकडे नेलं. त्यांचा हात ओलावा मोजतच नव्हता. शेजारच्या कांद्यापेक्षा इथला कांदा उबदार आहे का, एवढंच तो पाहत होता. सडणारा, कोंब धरणारा कांदा जास्त श्वसन करतो, तिथे ढीग तापतो. मग मी भोंगा काढला आणि तापमान मोजणाऱ्या तारा ढिगात सोडल्या. धान्याच्या सायलोत, म्हणजे उंच बंद कोठारात, अशा तारा असतातच. शर्ली ग्रेगर आणि हेव्हनर यांनी २०१३ साली योगदानाचे जे प्रकार मांडले, त्यात एकीकडचा माहीत असलेला उपाय दुसरीकडच्या नव्या प्रश्नाला लावणं हाही एक प्रकार आहे. आपण काही नवं शोधलं नाही, या धास्तीत असलेल्या, प्रबंध लिहिणाऱ्या मुलांना मी हे आवर्जून सांगते.

आता माझ्याकडे यंत्राखेरीज एक वाक्य होतं: उघड्या हवेच्या चाळीत, पावसाळ्यात, हवेच्या आकड्यावर नको, ढिगातल्या दोन जागांच्या फरकावर इशारा द्या. तपासायचं ते हे वाक्य. आणि ते तपासणं यंत्र तपासण्यापेक्षा फार अवघड आहे. सड कमी झाली, तर ती तारांमुळे, की मी रोज येते म्हणून काका दोनदा जास्त पाहतात त्यामुळे? म्हणून एकाच चाळीचे दोन भाग केले. दोन्हींत एकाच शेतातला, एकाच दिवशी भरलेला कांदा. तारा दोन्हीकडे, इशारा फक्त एकीकडचा. वाऱ्याची बाजू आणि आडोशाची बाजू दोघांना सारखी यावी म्हणून भाग आडवे न पाडता कप्प्याआड कप्पा वाटले. फोडलेल्या प्रत्येक कप्प्याचं वजन, सडका वेगळा, कोंबाचा वेगळा, काकूंच्या अक्षरात वहीत आहे.

(वही. ओल्या बोटाचा डाग पडलेलं पान.)

एका चाळीतून एका चाळीपुरतंच कळतं. येत्या उन्हाळ्यात बागलाणात एका एकपाखी (एकाच रांगेच्या) चाळीत हे करून पाहायचंय. तिथला पत्रा वेगळा, वारा वेगळा, तारा तिथलीच मुलं जोडणार. मी जाणार नाही. माझ्याकडून फक्त ते वाक्य लिहिलेलं एक पान जाणार आहे.