विमानाच्या पंखाच्या आतलं जाळं

ही सिलिकॉनची चकती. व्यास १०० मिलिमीटर. मोबाइलची चिप बनते तीच रीत: आधी पॉलिइमाइड या चिवट प्लास्टिकचा पातळ थर, त्यावर धातू, मग प्रकाशाने उमटवलेली नक्षी, आणि नको तो भाग कोरून काढायचा. मागे राहतात सेन्सरच्या जागेचे बारीक ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या तारा. आणखी जवळून बघा. एकही तार सरळ नाही, सगळ्या नागमोडी. सगळी करामत या वळणांची आहे.

आता जाळं चकतीवरून सुटतंय. आधी एका बाजूने ओढ, मग दुसऱ्या. घाई चालत नाही. तार ताणली जात नाही, तिची वळणं उलगडत जातात, म्हणून ती तुटत नाही. तळहाताहून लहान असलेलं हे जाळं बघता बघता जवळपास सातपट जागा व्यापतं.

कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात प्रा. फू-कुओ चांग यांच्या गटाचं हे काम. २०१० साली त्यांनी एवढ्याच चकतीवर ५०४१ ठिपक्यांचं जाळं करून दाखवलं होतं.

एवढा खटाटोप कशासाठी? हे काळं कापड कार्बन तंतूंचं. असे थर एकावर एक, मध्ये इपॉक्सी हा घट्ट होणारा डिंक, की झालं कॉम्पोझिट. बोइंग ७८७ या प्रवासी विमानाच्या रचनेत वजनाने जवळपास निम्मं तेच आहे. ॲल्युमिनियमला मार बसला की पोचा पडतो, डोळ्यांना दिसतो. कॉम्पोझिट वरून धड दिसतं आणि आत थर सुटलेले असू शकतात. म्हणून सेन्सर आतच हवेत. पण सेन्सरची अखंड फिल्म मध्ये घातली, तर तिथेच थर सुटायची भीती. जाळं मात्र जवळजवळ सगळं मोकळंच. इपॉक्सी आरपार जातं, थराला थर धरून राहतो. सेन्सर नंतर वरून चिकटवण्यापेक्षा पंख घडतानाच आत घालणं किती शहाणपणाचं, ते इथे कळतं.

हा तयार पंख. आत चार जाळी, १४८ सूक्ष्म सेन्सर: ३२ पीझोइलेक्ट्रिक (दाब किंवा थरथर जाणवली की विजेचा संकेत देणारे), २४ ताण मोजणारे, ९२ तापमानाचे. बाहेरून काहीच दिसत नाही.

(विंड टनेल, म्हणजे वारा सोडून पंख तपासायचा बोगदा, सुरू. काही क्षण फक्त त्याचाच आवाज.)

पंखाचा वाऱ्याशी असलेला कोन वाढवत नेलाय. एका टप्प्यावर हवा पंखाची पाठ सोडते आणि उचल घटते. हाच स्टॉल. पडद्यावरच्या पीझोच्या रेषा बघा, त्यांची थरथर वाढली. पक्ष्याला वाऱ्याची खबर पिसांच्या मुळाशी लागते, तशी ती इथे पंखाच्या आतून येतेय. या रेषांवरून वाऱ्याचा वेग आणि पंखाचा कोन ओळखण्याची गणितं याच गटाने बसवली.

हा पंख प्रयोगशाळेतला आहे. प्रवासी विमानात जाण्याआधी आत तुटलेली तार दुरुस्त कशी करायची आणि वर्षानुवर्षांच्या हादऱ्यांत जाळं टिकतं का, हे तपासावं लागेल. ते जमलं, तर ठरावीक तासांनी तपासणी करण्याऐवजी पंख सांगेल तेव्हा तपासणी करता येईल.