सोनं संपल्यावर उरलेली गावं

(पडद्यावर: पहाटेचा महामार्ग, गाडीच्या काचेवर दव)

हातात दोनच दिवस आहेत. मेलबर्नकर सुट्टी मिळाली की समुद्राकडे धावतात. आपण समुद्राकडे पाठ करून निघालोय, वायव्येला. शहर मागे पडलं की मेंढ्या, कुंपणं आणि मध्येच एखादं निलगिरीचं झाड, बस्स. या माळावर एकेकाळी अर्ध्या जगातून माणसं धावत आली होती हे सांगूनही खरं वाटत नाही.

१८५१ साली इथे सोनं सापडलं. तेव्हा या अख्ख्या व्हिक्टोरिया प्रांतात जेमतेम ७७ हजार लोक होते. दहा वर्षांत ते झाले ५ लाख ४० हजार.

(बॅलरॅट, लिडियार्ड स्ट्रीट)

११५ किलोमीटरवर पहिला मुक्काम, बॅलरॅट. बँका, नाट्यगृह, हॉटेलं, सगळं दगडी आणि ऐसपैस. जणू सोनं कधी संपणारच नाही अशा भरवशावर बांधलेलं.

गावातच 'सोव्हरिन हिल' आहे. १९७० साली उघडलेलं, खाणवस्तीचं खुलं संग्रहालय. घोडागाड्या, लोहार, जुन्या पोशाखातली माणसं. मला असलं नटवलेलं जुनेपण फारसं रुचत नाही, पण तिथल्या ओढ्याकाठी मात्र पाय निघत नाही. हातात पत्र्याची पसरट ताटली घ्यायची, तळाची रेती भरायची, पाण्यात बुडवून गोल गोल हलवायची. हलकी वाळू कडेवरून वाहून जाते. खाली काळसर रेती उरते, आणि नशीब असेल तर तिच्या कडेला मोहरीच्या पावपटीचा एक पिवळा कण. तो बोटाला चिकटवायला बोट आधी कोरडं करावं लागतं. सराफ कट्ट्यातल्या गटाराचा गाळ धुऊन सोनं काढणारे आपले झारेकरी हेच करतात; ताटलीचा आकार तेवढा वेगळा.

हे काम करायला तेव्हा परवाना लागायचा. महिन्याला ३० शिलिंग, म्हणजे दीड पौंड. सोनं मिळो न मिळो, पैसे आधी. पोलीस खड्ड्याखड्ड्यात उतरून कागद तपासायचे, नसला की धरून न्यायचे. शेवटी खाणकामगारांनी परवाने जाळले, लाकडांचा कोट उभारला आणि निळ्या कापडावर पांढरा क्रॉस आणि तारे असलेलं निशाण लावलं. ३ डिसेंबर १८५४, रविवार. पहाटे सैन्य आलं आणि अर्ध्या तासाच्या आत सगळं आटोपलं. किमान २२ कामगार मेले.

(यूरेका सेंटर, या उठावाचं संग्रहालय; मंद प्रकाशातलं निशाण)

हेच ते निशाण, मूळचं. कडा कुरतडल्यासारख्या दिसतात ना? उंदरांनी नव्हे, माणसांनी. आठवण म्हणून लोकांनी तुकडे कापून नेले. उठावाचा म्होरक्या पीटर लेलर याला त्या पहाटे एक हात गमवावा लागला. वर्षभरातच तो विधिमंडळात पोचला आणि पुढे तिथला सभापती झाला. तो जाचक परवानाही गेला. त्याजागी आला 'मायनर्स राइट', वर्षाला एक पौंड, आणि सोबत मताचा हक्क. हा कागद लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

(क्लून्स)

वाटेत क्लून्स. सोनं संपल्यावर गाव ओस पडलं आणि २००७पासून ते पुस्तकांचं गाव झालं. आपण दहा मिनिटंच थांबतोय. पुस्तकं बघत बसलो तर मॉल्डन राहील.

(मॉल्डन, संध्याकाळ)

आणि मॉल्डनसाठीच तर आलोय. एक वळणाचा मुख्य रस्ता, दोन्ही बाजूंना एकमजली दुकानं, पदपथावर लाकडी खांबांच्या पडव्या. १९६६ साली वारसा जपणाऱ्या 'नॅशनल ट्रस्ट' या संस्थेने ऑस्ट्रेलियातलं पहिलं 'नोटेबल टाउन', म्हणजे उल्लेखनीय गाव, म्हणून याचीच निवड केली.

हे सगळं इतकं जसंच्या तसं राहिलं कसं? पैसा होता त्या गावांनी जुनं पाडून नवं बांधलं. मॉल्डनकडे पाडायलाही पैसा नव्हता. सोनं आटलं, तरुण बाहेर गेले, दुकानदाराने तीच फळी पुन्हा रंगवली. आज तीच फळी बघायला आपण पेट्रोल जाळून आलोय.

गावाबाहेर कारमन्स टनेल आहे, ५७० मीटर लांब. १८८०च्या दशकात खडक फोडून खोदलेला. आत मेणबत्तीच्या उजेडात नेतात. भिंतींवर पहारीचे ओरखडे स्पष्ट दिसतात, त्यातून थंड पाणी झिरपतं. एवढा उपद्व्याप केला आणि खर्चही निघाला नाही.

(वाफेच्या इंजिनाची शिट्टी)

मॉल्डन ते कॅसलमेन अशी जुनी झुकझुकगाडी अजून धावते. खिडकीत बसणाऱ्याने डोळ्यांत कोळशाची कुसळं जातील याची तयारी ठेवावी.

(बेंडिगो, दुसरा दिवस)

बेंडिगो मोठं शहर. ट्रामही आहे. चिनी खाणकामगार या भागाला 'दाय गम सान' म्हणत, सोन्याचा मोठा डोंगर. जहाजातून उतरणाऱ्या प्रत्येक चिनी माणसावर व्हिक्टोरियाने १८५५ साली १० पौंड कर बसवला. मग ते शेजारच्या दक्षिण ऑस्ट्रेलियात, रोब बंदरावर उतरले आणि ४०० किलोमीटरहून जास्त अंतर पायी तुडवत इथे आले. बेंडिगोच्या ईस्टर मिरवणुकीत सगळ्यांचे डोळे आज त्यांच्याच ड्रॅगनकडे लागलेले असतात. एरवी तो 'गोल्डन ड्रॅगन' संग्रहालयात वेटोळं घालून बसतो. त्याचे खवले जवळून पाहा, एकेकात बारीक आरसा बसवलाय.

(मोलियागुल, दुपार)

परतीच्या आधी एक वाकडी वाट. मोलियागुल. झाडी, लाल माती, एक स्तंभ. ५ फेब्रुवारी १८६९ रोजी जॉन डीसन आणि रिचर्ड ओट्स यांना इथे, जमिनीखाली अवघ्या ३ सेंटीमीटरवर, 'वेलकम स्ट्रेंजर' नावाचा सोन्याचा गोळा सापडला. शुद्ध सोनं भरलं ७२ किलो, आपल्या हिशेबात सात हजार तोळ्यांवर. जवळच्या डनॉली गावातल्या बँकेत तोलायला एवढा मोठा तराजूच नव्हता, म्हणून लोहाराच्या ऐरणीवर त्याचे तुकडे केले. फोटो काढायचंही कुणाला सुचलं नाही. संग्रहालयांत दिसतात त्या नुसत्या प्रतिकृती.

स्तंभामागे एक आजोबा धातुशोधक यंत्र जमिनीवरून फिरवताहेत. खिशात 'मायनर्स राइट' आहे. हो, तोच. आता एकदा काढला की दहा वर्षं चालतो.

यंत्र कुईं करतं. आजोबा गुडघ्यावर बसतात, माती उकरतात. चौकोनी खिळा, पार गंजलेला. तो खिशात टाकतात, नियमाप्रमाणे खड्डा बुजवतात आणि पुढच्या झाडाकडे वळतात.